संध्याकाळची भाकरी कोण थापणार? (गावात मागे राहिलेली म्हातारी माणसं)

तेरणाकाठ
येळवशीला (वेळा अमावास्येला) गावी गेलो होतो, औसा तालुक्यात. रानात कडब्याची कोप, अंबील, भज्जी, उंडे, सगळं यथासांग झालं. पुण्याहून, हैदराबादहून पोरं आली होती, ज्या त्या रानात माणसं दिसत होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाड्या परत गेल्या. मला बोअरच्या कामासाठी आठ दिवस थांबावं लागलं आणि गाव एरवी कसं जगतं ते तेव्हा दिसलं.

आमच्या गल्लीत २२ घरं. दोन घरांना कुलूप. ९ घरांत फक्त साठीपुढची माणसं, त्यातल्या ५ घरांत एकेकटं माणूस. माझी मोठी माय (चुलती, वय ७८) सकाळी दोन भाकरी थापते. एक सकाळी खाते, दुसरी रात्री चहात कुस्करून. विचारलं तर म्हणाली, "एकलीसाठी दोनदा तवा ठिवावं वाटंना रे." पलीकडचे तात्या बायको वारल्यापासून रात्री चहा-पावावर असतात. चौदा एकर रान आहे, पोरगा दर महिन्याला पैसे टाकतो. पण आयुष्यात कधी चुलीपुढे बसले नाहीत आणि आता बसायचं म्हटलं तर गुडघे वाकत नाहीत.

माझ्या मनात असं आहे की मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात रोज संध्याकाळी एकत्र स्वयंपाक करावा. भाकरी, आमटी, एक भाजी. ज्यांना जमेल त्यांनी येऊन जेवावं, ज्यांना येववत नाही त्यांना डबा. खर्च वर्गणीतून. चालेल का? कुणाच्या गावात केलंय का? कुठे अडेल ते आधीच सांगा.

बालाघाट
आमच्याकडे (धारूर) गोष्ट उलटी आहे भाऊ. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते, जोडपी ऊसतोडीला जातात ते मार्च-एप्रिलला परत. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. माझी आजी सत्तरीत तीन नातवंडांचं करत होती. पहाटे उठून भाकरी, पाणी, शाळेची तयारी. तिला एकटं जेवायचं दुःख नव्हतं, तिला बसायला वेळ नव्हता. आजारी पडली तर तिला बघणारं सगळ्यांत मोठं माणूस म्हणजे अकरा वर्षांची माझी बहीण. तेव्हा 'वृद्ध' म्हटलं की सांभाळून घ्यायचं माणूस असं धरू नका. आमच्या भागात गाव म्हातारीच सांभाळते.

डॉ_परभणी
तात्यांच्या चहा-पावावर थांबतो, कारण असे पेशंट माझ्याकडे रोज येतात. साखरेची गोळी चालू असते, ती न चुकता घेतात आणि रात्री जेवत नाहीत. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन माणूस उपाशी झोपला की साखर एकदम खाली येते. पहाटे घाम, थरथर, बरळणं. घरच्यांना वाटतं अंगावरून वारं गेलं नाहीतर बाहेरचं काही झालं. एकटा असेल तर कळतही नाही कुणाला.

दुसरं, दात. दात पडल्यावर भाकरी चावत नाही, शेंगदाणे चावत नाहीत, मग चहात बुडेल तेवढंच खायचं. डाळ, दूध, अंडं सुटतं. हातापायांतलं मांस जातं, एकदा न्हाणीत पाय घसरला की खुब्याचं हाड मोडतं आणि माणूस खाटेला लागतो. मी औषधं लिहून देतो, पण त्यांतल्या निम्म्यांना खरं औषध वाटीभर घट्ट वरण आहे. तुमची कल्पना जरूर करा.

सिडको_एन_६
सरळ वृद्धाश्रमाचा विचार का नको? जेवण, डॉक्टर, सोबत सगळं एका जागी. गावागावांत चुली पेटवण्यापेक्षा तालुक्याला एक चांगला आश्रम बरा.

ढेलज
@सिडको, वडिलांशी हे बोलून बघितलंय. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. त्यांच्या वाड्याची ढेलज (दारातली बैठक), समोरचा लिंब, बैल विकले तरी रिकामा गोठा, हे सोडून ते कुठंही राहणार नाहीत.

मूळ प्रश्नावर: अडेल ते इज्जतीवर अडेल. मी शेजारच्या वहिनींना महिन्याचे पैसे ठरवून डबा लावला होता. वडिलांनी चौथ्या दिवशी बंद केला. "लेक असून मी शेजारच्या ताटात जेवतो, उद्या गाव काय म्हणंल?" त्यांना भूक नव्हती असं नाही, वहिनींच्या हाताला चव नव्हती असंही नाही. देवळात चारचौघांसमोर जेवायला बसायचं म्हणजे तर माझं नाव गावभर खराब होणार, असं त्यांना वाटेल. ते माझी अब्रू राखण्यासाठी उपाशी राहतात. हे लिहितानाही मला जड जातंय.

गोदाकाठची
शीर्षक परत वाचा. 'कोण थापणार' म्हणजे कोणती बाई थापणार. आतापर्यंतच्या प्रतिसादांत आजी थापते, वहिनी थापतात, मोठी माय थापते. मी सेलूजवळच्या गावात सासू-सासऱ्यांचं अकरा वर्षं केलं. सासू शेवटची तीन वर्षं अंथरुणावर होत्या. मला त्यांची माया होती आणि त्यांना माझी. पण त्या तीन वर्षांत मी माहेरी एकूण नऊ दिवस गेले. माझे दीर पुण्याहून फोन करून विचारायचे, "आईला वेळेवर देतेस ना?"

तेव्हा चूल जरूर पेटवा, पण थापणाऱ्या बाईला मजुरी द्या, रानात खुरपायला जेवढी मिळते तेवढी. पुण्य म्हणून नको, मानधन म्हणून नको. वीस माणसांच्या चाळीस भाकरी उन्हाळ्यात थापून बघा एकदा.

तेरणाकाठ
@गोदाकाठची, बरोबर आहे तुमचं. मी खर्चाच्या हिशोबात ज्वारी, डाळ, गॅस धरला होता, मजुरी धरली नव्हती. आता धरतो.

निवृत्त_गुरुजी
नांदेडहून लिहितो. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरचे सुमारे १० कोटी ४० लाख, म्हणजे शंभरात ८.६. महाराष्ट्रात ९.९, केरळात १२.६. २०५० पर्यंत देशात दर पाचांत एक माणूस साठीपुढचा असेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. कारण सरळ आहे. माणसं जास्त जगतात आणि लेकरं कमी होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) १.७ आला, लोकसंख्या आहे तेवढी टिकायला २.१ लागतो. माझ्या आईला आम्ही सात, मला दोन, माझ्या मुलीला एक. आईचं म्हातारपण सात जणांनी वाटून घेतलं, माझ्या मुलीचं एका नातीच्या वाट्याला येणार आहे. त्यात आमच्या गावांतून तरुण बाहेर जातात, म्हणून राज्याची सरासरी काहीही असो, गल्लीत मोजलं तर तेरणाकाठ यांच्यासारखं २२ त ९ निघतं. एकटं राहणाऱ्यांत बायाच जास्त, कारण नवरा वयाने मोठा आणि तो आधी जातो.

एकत्र जेवणाची लाज वाटणाऱ्यांना नांदेडला घेऊन या. हजूर साहिबच्या लंगरमध्ये जमीनदार आणि हमाल एका ओळीत बसतात. तिथं कुणी विचारत नाही तुला लेकरं किती.

ढेलज
गुरुजी, नमस्कार. लंगरात वडील आनंदाने जेवलेत. पण ते परगाव, आणि देवाचा प्रसाद. आपल्या गावात आपल्याच माणसांसमोर ताट घेऊन बसणं वेगळं आहे हो.

किनवटकर
खर्चाचं म्हणाल तर श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० येतात, म्हणजे दिवसाला ५० रुपये. एक वेळच्या जेवणाला त्यातले वीस-पंचवीस द्यायला कुणी नाही म्हणणार नाही. पण उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार, त्यामुळे चौदा एकरवाले तात्या त्यात बसणार नाहीत, आणि जे बसतात त्यांचे पैसे हातात पडेपर्यंत वेगळीच कथा. माझ्या आजीच्या अंगठ्याचा ठसा मशीनवर उमटत नव्हता. साठ वर्षं कापूस वेचून, शेण सारवून बोटांच्या रेषाच गेल्या. बँकेच्या माणसाने लिंबू चोळायला सांगितलं, कुणी खोबरेल लावायला सांगितलं. चार महिने चकरा. शेवटी आधार केंद्रात नेऊन दहाही बोटांचे ठसे नव्याने घेतले, तेव्हा एका बोटावर काम झालं. आजी म्हणाली, "माझं बोटच मला वळखंना."

धाराशिव_वकील
थोडं विषयांतर, पण गावी म्हातारी माणसं असलेल्या प्रत्येकाने वाचावं. माझ्याकडे महिन्यातून एक-दोन अशी माणसं येतात ज्यांनी जिवंतपणीच जमीन लेकाच्या किंवा पुतण्याच्या नावावर बक्षीसपत्राने करून दिली आणि सहा महिन्यांत आखाड्यावर (रानातल्या खोपटात) राहायला गेली.

२००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम २३ खाली असं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. पण सांभाळण्याची अट त्या कागदात लिहिलेली असली तर काम सोपं. 'प्रेमापोटी दिलं' एवढंच लिहिलं की भांडत बसावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूने निकाल दिला. तिथे मुलाने त्याच दिवशी सांभाळण्याचं वचनपत्र लिहून दिलं होतं. म्हणून सांगतो, कागद करताना दोन ओळी जास्त लिहून घ्या. निर्वाहाचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा, भत्ता महिन्याला १० हजारांपर्यंत. मूल नसेल तर मालमत्तेचा जो वारस होणार त्याच्यावरही दावा करता येतो. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे.

चाकण_ते_चाकूर
कायदा ठीक आहे वकीलसाहेब, पण माझी आई माझ्यावर अर्ज करणार नाही, आणि मी तिला टाकलेलंही नाही. मी कंपनीत तीन पाळ्यांत आहे. बायको नोकरी करते. गावी चार एकर कोरडवाहू, सोयाबीनचा भाव असा. २०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या वर्षी मी गाव सोडलं. परत जाऊन खायचं काय? इथे 'मुलं सोडून गेली' असं वाचलं की पोटात तुटतं. आम्ही सोडून आलो तसं गावानेही आम्हाला धरून ठेवलं नाही.

आईला आणलं होतं. तिसरा मजला, लिफ्ट बंद. तेवीस दिवस राहिली. "हितं दार लावूनच बसावं लागतंय. दारासमोरून कुणी जाईना, कुणाला हाक मारू?" गावी दिवसातून तीस माणसं तिला हाक मारून जातात. जेवण तेवढं धड नाही. म्हणून म्हणतो, तेरणाकाठ, तुम्ही हे सुरू केलं तर आमच्या चाकूर तालुक्यातही करू. महिन्याला दोन हजार मी आज देतो.

बालाघाट
@चाकण_ते_चाकूर, मनातलं लिहिलंत.

मांजरा
आमच्या वडिलांना पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट झाली (ऑगस्ट २०२२ पासून). तेव्हापासून माणूस बदलला. दर बाजारच्या दिवशी निलंग्याला जातात, भाजी अर्धा किलोची घेतात, चार दोस्तांबरोबर चहा घेतात. गेल्या आषाढीला न सांगता पंढरपूरला जाऊन आले. आम्ही ओरडलो तर म्हणाले, "तिकीट लागंना, तुम्ही कशाला हिशोब मागता?" घरी दोन घास खाणारा माणूस बाजारच्या दिवशी दोस्तांबरोबर पोटभर जेवतो. एकत्र बसलं की घास जातो, एवढं मी बघितलंय.

सिडको_एन_६
वृद्धाश्रमाचं मी घाईने लिहिलं. चाकूरच्या आईंचं 'कुणाला हाक मारू' वाचून थांबलो. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात चांदणकी नावाचं गाव आहे. तिथली तरुण पिढी बाहेर गेली आणि मागच्या माणसांनी एकच स्वयंपाकघर केलं, सगळे एकत्र जेवतात. तेव्हा जमतं हे नक्की.

पैठण_वेस
जमेल, पण एक प्रश्न अजून कुणी विचारला नाही. पंगत एकच असणार की वाड्या-वस्तीप्रमाणे वेगळी? मारुतीच्या मंडपात आमच्या वस्तीतली आत्या येऊन बसली तर तात्यांशेजारी तिचं ताट लागेल का? आणि भाकरी थापायला आमच्यातली बाई ठेवली तर सगळे जेवतील का? नाथांनी श्राद्धाचं अन्न कुणाला वाढलं ते पैठणला लहान पोरही सांगतं. गोष्ट सांगणं आणि ताट शेजारी मांडणं यात अजून अंतर आहे. सुरू करायच्या आधीच हे ठरवा. नंतर ठरवू म्हटलं की ठरत नाही.

तेरणाकाठ
@पैठण_वेस, पंगत एकच. तसं नसेल तर मी यात पडणारच नाही. आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी तुम्ही म्हणता त्याच वस्तीतल्या आहेत. सगळ्यांची नातवंडं त्यांच्या हातचं खातात. त्यांनाच विचारतो.

गोदाकाठची
आणि मजुरी?

तेरणाकाठ
मजुरीसह विचारतो, ताई.

हुरडा
सप्ताहाचा विचार कुणी केला का? आमच्याकडे (गंगाखेड) अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस सगळं गाव पंगतीला असतं. आमटी देवळात शिजते, भाकरी घरटी गोळा होतात. पोरं दुरड्या घेऊन दारोदार फिरतात. कुणाची जाड, कुणाची पातळ, एखाद्या घरची करपलेली, सगळी एकत्र. कुणी म्हणत नाही मी दुसऱ्याच्या घरचं खाल्लं. ढेलज यांच्या वडिलांना 'डबा' नको होता, पण सप्ताहाच्या पंगतीला ते पहिल्या ओळीत बसत असतील. पैसे मागू नका, ज्वारी मागा. ज्याने आपल्या रानातली ज्वारी घातली तो आपलंच खातो.

ढेलज
बसतात, पहिल्याच ओळीत! दरवर्षी एक कट्टा ज्वारीही देतात. हे मला सुचलंच नव्हतं.

डॉ_परभणी
हुरडा यांना शंभर पैकी शंभर.

बालाघाट
आमच्याकडे ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालतं, लेकरांचं जेवण तिथे होतं. त्याच चुलीवर आजी-आजोबांच्या चार भाकरी जास्त टाकल्या तर? लेकरं आणि म्हातारी एकत्र जेवतील. पुढच्या हंगामाआधी मुख्याध्यापकांशी बोलतो.

तेरणाकाठ
धागा वर काढतोय. पाडव्यानंतर सुरुवात केली, आज एक्केचाळीस दिवस झाले.

पहिल्या संध्याकाळी सात माणसं आली. शाळेतल्या मावशी आणि त्यांच्या जाऊबाई, दोघींना खुरपणीच्या दराने अर्ध्या दिवसाची मजुरी. ती मजुरी आम्ही बाहेरगावची अकरा पोरं मिळून देतो. ज्वारी ज्याची त्याची, माणशी महिन्याला सात किलो. यंदाची शाळू नुकतीच घरात आली होती, त्यामुळे पोती सहज निघाली. ज्यांना रान नाही त्यांच्याकडून काही घेत नाही आणि कुणी किती दिलं ते फळ्यावर लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी दोघे उठून गेले, कारण तुम्हाला माहीत आहे. एक अजून आलेला नाही. दुसरे पंधरा दिवसांनी आपोआप आले आणि मावशींच्या वस्तीतल्या एका आत्याबाईंच्या शेजारी जागा होती तिथे बसले. कुणी काही बोललं नाही. आता सतरा जण आहेत, पाच डबे.

तात्यांना नुसतं जेवायला यायचा संकोच होता, म्हणून हिशोबाची वही त्यांच्याकडे दिली. साडेपाचलाच येऊन बसतात, कोण आलं नाही ते बघतात आणि न आलेल्याच्या दारात पोराला पाठवतात. गेल्या आठवड्यात त्यामुळेच एक आजी घरात पडलेल्या सापडल्या. ताप होता, वेळेवर दवाखान्यात नेलं.

मोठी माय पहिले दहा दिवस आली नाही. मग आली ती परात घेऊनच. "फुकट बसून खाणार न्हाई, मी थापते." आता मावशींशेजारी बसते.

गोदाकाठची
खूप बरं वाटलं. पण ७८ व्या वर्षी त्यांना तव्याच्या धगीला बसवू नका. आणि त्यांनाही मजुरी द्या.

तेरणाकाठ
धगीला नाही ताई, पीठ मळून देते आणि शेवटच्या दोन-तीन भाकरी हट्टाने स्वतः थापते. मजुरीचं विचारलं तर रागावली. पुन्हा विचारतो.

आता पुढची अडचण. मावशींच्या लेकीचं बाळंतपण जूनमध्ये आहे, महिनाभर त्या नसतील. आणि पावसाळ्यात मंडप गळतो.

चाकण_ते_चाकूर
पत्र्याचं मी बघतो. मंडपाची लांबी-रुंदी कळवा. माझी सुट्टी मे अखेरीला आहे, चाकूरला जाताना तुमच्याकडे येतो.

हुरडा
त्या महिन्यात भाकरी घरटी गोळा करा, सप्ताहासारख्या. दुरड्या आमच्याकडून नेल्या तरी चालतील.

डॉ_परभणी
साखरेच्या गोळ्या कोणकोण घेतं त्यांची यादी तात्यांच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा. त्यांना आधी वाढा. आणि आमटी जरा घट्ट करायला सांगा मावशींना.